टाच, माग आणि बचत गटाचं कर्ज

वाचकाचं पत्र, थोडक्यात : बेळगावच्या वडगाव भागातले एक विणकर लिहितात. वय ४६, पॉवरलूमवर रोज दहा तास उभ्यानं काम. आठ महिन्यांपासून उजवी टाच दुखते. सकाळी अंथरुणातून उठून पाय टेकला की जीव जातो, दहा-बारा पावलं चालल्यावर जरा बरं वाटतं, संध्याकाळी पुन्हा ठणका. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं. गोळ्या, मलम झालं. तीन आठवड्यांपूर्वी टाचेत इंजेक्शन घेतलं, पंधरा दिवस बरे गेले, परत दुखायला लागलं. साखरेची गोळी चालू आहे. आता एका सेंटरमध्ये शॉकवेव्ह मशिनचे दहा सेशन सांगितलेत, १८,००० रुपये, तेही आधी भरायचे. पत्नी बचत गटातून कर्ज काढायला तयार आहे. मेहुणे म्हणतात, शॉक घेऊन नसा मरतील, त्यापेक्षा मिरजेला जा आणि वाढलेलं हाड कापून घे. "ताई, सगळं करून झालंय. कर्ज काढू का ऑपरेशन करू? आणि कार्तिकीला दिंडीतनं चालत जाणं जमतंय काय?"

दादा,

सगळ्यात निकडीचं आधी सांगते. या महिन्यात ते पैसे भरू नका. तुम्ही तीन आठवड्यांपूर्वी टाचेत घेतलेलं इंजेक्शन बहुतेक स्टिरॉइडचं असणार. स्टिरॉइडनंतर तळव्यातला, टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा जाड पट्टा काही काळ कच्चा राहतो, क्वचित तुटतोही. म्हणून त्या जागेवर निदान सहा आठवडे शॉकवेव्ह देत नाहीत. सेंटरमध्ये तुम्हाला याबद्दल कुणी विचारलं का, हे पत्रात नाही. विचारलं नसेल तर तुम्ही होऊन सांगा. सांगूनही "काही होत नाही, उद्यापासून या" म्हणाले, तर तिथे जाऊच नका. इंजेक्शन कसलं होतं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असेल, ती चिठ्ठी शोधून ठेवा. आणि एकदा साखर तपासून घ्या, कारण या इंजेक्शननं ती काही दिवस वाढते.

म्हणजे निर्णय घ्यायला तुम्हाला आपोआपच वेळ मिळालाय. तो कसा वापरायचा ते बोलू.

तुमचं सगळं पत्र त्या वाढलेल्या हाडाभोवती फिरतंय. एक्स-रे हातात आला, त्यात टाचेखाली पुढे आलेलं टोक दिसलं, आणि घरात सगळ्यांनी ठरवलं की तेच टोचतंय. तुम्ही तरी दुसरं काय समजणार? पण ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्ये असंच टोक असतं. आणि टाच भयंकर दुखते, पण एक्स-रे स्वच्छ, असेही पुष्कळ असतात. दुखणं बरं झाल्यावर परत फोटो काढला तर टोक तिथेच असतं. तुम्ही लिहिलंय तसं सकाळचं पहिलं पाऊल दुखणं, मग सैल होणं आणि दिवसभर उभं राहिल्यावर परत दुखणं, ही खूण तळव्यातल्या त्याच जाड पट्ट्याच्या दुखण्याची आहे. डॉक्टर त्याला प्लांटर फॅसिआयटिस म्हणतात. रोज पेलवेल त्यापेक्षा जास्त भार येत राहिला की टाचेला जिथे तो पट्टा चिकटतो तिथली जागा हळूहळू नादुरुस्त होते. म्हणून मेहुणे म्हणतात तसं हाड कापून टाकणं हा या दुखण्यावरचा सरळ उपाय होत नाही. टाचदुखीचं ऑपरेशन फार थोड्यांना लागतं, तेही बाकीचे उपाय महिनोन्‌महिने नीट करून उपयोग झाला नाही तर. त्यानंतर कित्येक आठवडे मागावर उभं राहता येत नाही, आणि साखर असेल तर जखम भरायला वेळ लागू शकतो. सध्या ऑपरेशनचा विचार बाजूलाच ठेवा.

आता मशिनबद्दल. मेहुण्यांची भीती 'शॉक' या नावामुळे आहे. यात अंगात वीज सोडत नाहीत. मशिन दाबाच्या लहरी तयार करतं आणि जेल लावून ठेवलेल्या नळीसारख्या भागातून त्या टाचेत जातात. हे तंत्र मुळात मुतखड्यासाठी आलं. १९८० साली जर्मनीत म्युनिकमध्ये पहिल्यांदा एका रुग्णाचा खडा पोट न उघडता बाहेरून लहरी देऊन फोडला. पुढे हाडं आणि स्नायुबंधांच्या दुखण्यावर कमी ताकदीच्या लहरी वापरून बघितल्या गेल्या. 'हाड विरघळवणारं मशिन' ही समजूत बहुधा या खड्याच्या गोष्टीतूनच आली असावी. तुमच्या टाचेचं हाड त्यानं फुटत नाही की विरघळत नाही. लहरींनी त्या जागेतल्या दुखणं कळवणाऱ्या बारीक नसांची धार काही काळ कमी होते, रक्तपुरवठा वाढायला आणि रेंगाळलेली दुरुस्ती परत सुरू व्हायला चालना मिळते, असं त्याचं काम समजलं जातं. पायाची ताकद किंवा संवेदना त्यानं जात नाही. देताना दुखतं मात्र, आणि एक-दोन दिवस जागा लाल होणं, ठणकणं किंवा निळसर डाग पडणं चालतं. बधिर करून देणं टाळतात, कारण नेमकं कुठे दुखतंय हे तुम्ही सांगायचं आणि तिथेच लहरी द्यायच्या.

मशिन दोन तऱ्हेची असतात. फोकस्ड मशिनच्या लहरी खोलवर एका ठिकाणी एकवटतात. रेडियलमध्ये हवेच्या दाबानं त्या नळीसारख्या हँडपीसच्या आतली धातूची गोळी टोकावर आपटते, टकटक आवाज होतो, आणि जोर कातडीजवळ जास्त व आत जाईल तसा कमी होत जातो. फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत बहुधा हे दुसरं असतं. टाचेसाठी दोन्ही वापरतात. तुमच्या सेंटरमध्ये कुठलं आहे ते विचारा. उत्तर देणाऱ्याला हा फरक माहीत आहे का, तेही त्यातून कळेल.

उपयोग होतो का? टाचदुखीत बऱ्याच जणांना होतो, सगळ्यांना नाही. औषधं आणि उपकरणं तपासून मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेनं २००० साली टाचदुखीसाठी पहिल्या मशिनला मान्यता दिली, ती सहा महिने किंवा जास्त काळ दुखणाऱ्या आणि इतर उपायांना दाद न दिलेल्या टाचांसाठी. उपचारांची पारख करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००९ मध्ये सांगितलं की सुरक्षिततेबद्दल मोठी काळजी नाही, पण गुण किती येतो याचे पुरावे एकसारखे नाहीत. माझं स्वतःचं मत या दोन्हींशी जुळतं. जुन्या, हट्टी टाचेसाठी शॉकवेव्ह हा रास्त उपाय आहे, पण त्याची पाळी येते ती व्यायाम आणि पायातल्या सोयीनंतर, आणि तो सुरू असतानाही ते दोन्ही चालू ठेवावे लागतात.

इथेच तुमच्या "सगळं करून झालंय" या वाक्यावर मला थांबावंसं वाटतं. तुमची यादी परत वाचा. गोळ्या, मलम, इंजेक्शन. या तिन्हींनी दुखणं काही काळ दबतं. रोज दहा तासांचा भार पेलायला टाच तयार व्हावी म्हणून अजून काहीच झालेलं नाही. यात दोष तुमचा नाही, तुम्हाला कुणी बसवून शिकवलंच नसेल. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की मागापाशी कुणी चप्पल घालत नाही आणि खाली शहाबादी फरशी आहे. माझ्या दृष्टीनं ती ओळ एक्स-रेपेक्षा महत्त्वाची आहे.

ज्या मागाची दसऱ्याला पूजा करतो त्याच्यापुढे चप्पल घालून उभं राहायचं कसं, हा तुमचा प्रश्न मी हलका समजत नाही. पण यातून वाट निघते. मऊ, जाड टाचेची एक नवीन जोडी फक्त मागासाठी ठेवा. ती धुऊन आतच ठेवायची, रस्त्यावर, मोरीत, कुठेही न्यायची नाही. तेही मनाला पटलं नाही तर दोन मागांमधल्या बोळात, तुम्ही जिथे जास्त वेळ उभे राहता तिथे, जाड रबरी मॅट घाला. मालकाला सांगा, की टाचेमुळे खाडे होण्यापेक्षा मॅट स्वस्त पडते. आणि घरात अंथरुणाजवळच चप्पल ठेवा. सकाळचं पहिलं पाऊल उघड्या फरशीवर पडता कामा नये.

आता व्यायाम. पहिला अंथरुणातच, पाय खाली टेकायच्या आधी. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हातानं पायाची बोटं धरून नडगीकडे ओढा. तळव्यात दोरीसारखा ताठ झालेला पट्टा दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला लागला पाहिजे. लागला की बरोबर. दहा आकडे मोजा, सोडा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, म्हणजे सकाळी, जेवणाच्या सुट्टीत उठायच्या आधी आणि रात्री.

दुसरा व्यायाम ताकदीचा, आणि जास्त मोलाचा. पायरीच्या कडेवर उभे राहा, भिंतीचा आधार घ्या. टॉवेलची गुंडाळी करून बोटांखाली ठेवा, म्हणजे बोटं वर उचललेली राहतील. टाचा सावकाश वर, तीन आकडे. वर दोन आकडे थांबा. तीन आकड्यांत खाली, पायरीच्याही थोडं खाली. सुरुवात दोन्ही पायांवर, जमेल तेवढी, मग हळूहळू एकाच पायावर. एक दिवसाआड. करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल नेहमीपेक्षा जास्त दुखलं, तर पुढच्या वेळी कमी करा. डेन्मार्कमध्ये २०१४ साली झालेल्या एका अभ्यासात हा टॉवेलचा व्यायाम करणाऱ्यांना तीन महिन्यांत नुसत्या ताण देण्याच्या व्यायामापेक्षा जास्त आराम पडला. वर्षभरानं दोन्ही गट बरोबरीला आले. म्हणजे उतार दोन्ही वाटांनी पडतो, ताकदीच्या वाटेनं लवकर. मात्र तुम्ही नुकतंच इंजेक्शन घेतलंय, म्हणून हा दुसरा व्यायाम दोन-तीन आठवड्यांनी आणि एकदा फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकूनच सुरू करा.

बारा आठवडे हे करा. आठ महिने सोसल्यावर आणखी तीन महिने म्हणजे फार वाटेल, पण शॉकवेव्हचा गुण दिसायलाही सहा ते बारा आठवडे जातात. शेवटचं सेशन झालं आणि दुखणं गेलं, असं होत नाही. बहुतेक टाचा वर्षभरात ऑपरेशनशिवाय बऱ्या होतात.

दहा सेशनबद्दल. नेहमीचा बेत आठवड्याला एक, असे तीन ते पाच सेशनचा असतो, दर वेळी साधारण २,००० ठोके. तीन झाल्यावर थांबून बघायचं, सकाळच्या दुखण्यात फरक आहे का. तुम्हाला न तपासताच दहांचा आकडा ठरवला असेल आणि पैसे आधी मागितले असतील, तर ते पॅकेज तुमच्या टाचेकडे बघून ठरवलेलं नाही. "मी तीन सेशनचे, ते पण दर वेळी एकेकाचे पैसे देईन" असं स्पष्ट सांगा. चांगला थेरपिस्ट तयार होतो. बेळगावात सिव्हिलला हाडांची ओपीडी आहे, केएलईचं फिजिओथेरपी कॉलेज आहे. पैसे भरण्याआधी अशा एका ठिकाणी तपासून घ्या आणि दर विचारा.

पत्रातली आणखी एक गोष्ट मनाला लागली. सेंटरमध्ये सगळं कन्नड-इंग्रजीत भरभर सांगितलं, तुम्हाला बाजारातलं कन्नड येतं पण हे शब्द कळले नाहीत, मागे लोक थांबले होते, म्हणून तुम्ही मान डोलावलीत आणि सहीही केलीत. आपल्या भागात हे रोज घडतं. निपाणीपासून खानापूरपर्यंत कितीतरी माणसं न कळलेल्या कागदावर सही करून घरी येतात आणि मग पाहुण्यांना विचारतात, डॉक्टर काय म्हणाले असतील. मान डोलावली की समोरच्याला वाटतं समजलं. तेव्हा पुढच्या खेपेला शाळेत कन्नड शिकलेल्या मुलाला किंवा पुतणीला बरोबर न्या. "परत एकदा सांगा, मला नीट कळलेलं नाही" हे वाक्य कन्नडमध्ये पाठ करून जा. मग तुम्हाला काय कळलं ते तुमच्या शब्दांत त्यांना सांगा आणि बरोबर आहे का विचारा. त्यात कमीपणा नाही, पाय तुमचा आहे. कागद घरी नेऊन वाचायचा हक्क तुम्हाला आहे. सही केली असली तरी उपचार नको म्हणता येतं.

तुम्हाला साखर आहे म्हणून एक तपासणी चुकवू नका. दोन्ही तळव्यांना स्पर्श नीट कळतो का, हे डॉक्टरांकडून बघून घ्या. रात्री तळव्यांची आग होत असेल, मुंग्या येत असतील, बधिर वाटत असेल, तर ते नसांचं दुखणं असू शकतं, त्यावर शॉकवेव्ह हा इलाज नाही आणि बधिर पायावर ते देणंही बरं नव्हे. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर कळ येत असेल, झोपेतही दुखत असेल, सूज-ताप असेल, किंवा चालताना एकदम 'कट्' झालं असेल, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टर.

असाच प्रश्न असलेल्या इतरांसाठी दोन शब्द. गर्भारपणात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना, त्या जागी गाठ किंवा जंतुसंसर्ग असेल तर, आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांच्या टोकांवर शॉकवेव्ह देत नाहीत. खांद्यात चुना साठलेला फोटोत दिसत असेल तर काहींना उपयोग होतो, तरी २०२० च्या कोक्रेन आढाव्यात (कोक्रेन ही अनेक अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) खांद्यासाठी फारसा फायदा दिसला नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत हात चालवून ज्यांचं कोपर धरलंय, त्यांनी आणखी सावध राहावं. टेनिस एल्बोसाठी २००५ च्या कोक्रेन आढाव्यात शॉकवेव्हचा लाभ नगण्य निघाला. भाताची रोपं लावून किंवा रताळी काढून कंबर गेलेल्या बायकांना कुणी मणक्यासाठी याचं पॅकेज सांगत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे दाखवा.

कार्तिकीचं विचारलंत. बंद करू नका, कमी करा. आत्तापासून रोज थोडं चालायला लागा, बूट घालून. आज चाललात आणि उद्या सकाळी दुखणं रोजच्याइतकंच असलं, तर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा. जास्त असलं तर मागे या. दिंडीबरोबर सामानाची गाडी असते. यंदा दिवसाचा एक टप्पा चाला, बाकीचा गाडीतून. विणेकऱ्यांना आधीच सांगून ठेवलं तर वाटेत कुणाला समजावत बसावं लागणार नाही. अनवाणी चालायचा नवस असेल तर तो यंदा नको.

आणि वहिनींना हे पत्र वाचून दाखवा. नवरा रोज लंगडत कामावर जातो हे बघवत नाही म्हणून त्या कर्ज काढायला निघाल्यात. त्यांना सांगा, पैसे नकोत असं नाही, आत्ता नकोत. बारा आठवड्यांनी सकाळचं पाऊल तेवढंच दुखत असेल, साखर ताब्यात असेल, तळव्याला स्पर्श कळत असेल, तर तीन सेशन जरूर घ्या. त्यासाठी गटातून थोडी रक्कम उचलावी लागली तर संकोच करू नका. १८,००० ची गरज तेव्हाही लागणार नाही. तोवर रोज सकाळचं दुखणं शून्य ते दहात किती, ते कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहीत चला. तपासायला जाल तेव्हा ते कॅलेंडर, इंजेक्शनची चिठ्ठी आणि साखरेचा रिपोर्ट बरोबर न्या.